मनगटावर मावेल असा नकाशा

भैय्यालाल रामटेके रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झाले, त्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं की या माणसानं चौतीस वर्षांत एकही रेघ वाकडी मारली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भैय्यालालना मात्र ते पटलं नाही. घरी येताना ऑटोत ते बायकोला म्हणाले, "दोन मारल्या होत्या. एक सत्त्याण्णवमध्ये, आन् एक दोन हजार अकरात."

"मंग तिथंच सांगाचं होतं ना," कलावती म्हणाली.

"सांगनारच होतो. तवर त्यायनं हार टाकला गळ्यात."

असा हा माणूस. वडील भंडाऱ्याकडून रायपूरला आले ते रेल्वेत खलाशी, म्हणजे हमाली-मजुरीच्या कामाला, आणि गुढियारीत माल-गोदामाच्या मागं एक खोली घेऊन राहिले. भैय्यालाल त्याच खोलीत वाढले, मग त्या खोलीच्या तीन खोल्या केल्या. नोकरीत आधी नकाशे गिरवणारे ट्रेसर होते, मग ते काढणारे ड्राफ्ट्समन झाले. रुळांचे, पुलांचे, नाल्यांचे नकाशे काढायचे, त्यावर सहा साहेबांच्या सह्या व्हायच्या आणि ते कपाटात जायचे. कपाटातून बाहेर आलेला नकाशा त्यांनी पूर्ण नोकरीत चारदा पाहिला असेल. तरी प्रत्येक नकाशा असा काढायचे, जणू उद्या सकाळी कोणीतरी तो उघडून त्याच्या भरवशावर घराबाहेर पडणार आहे.

रिटायर झाल्यावर दीड वर्षात छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पण गुढियारीत चालायचं कुठं? बाहेर पडलं की पोत्यांचे ट्रक, हातठेले, आणि ट्रक मागं घेणाऱ्या क्लीनरांच्या आरोळ्या. भैय्यालाल घरातच पलंगाभोवती चालू लागले. दहा दिवसांनी कलावतीला चक्कर यायला लागली. पलंगावर ती बसलेली असायची.

त्यांची मुलगी चेतना नवा रायपूरला राहते आणि तिथं एका खाजगी सर्व्हे कंपनीत कॉम्प्युटरवर नकाशांचं काम करते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. तिनं बापाला डोंगर चढणाऱ्या एका मंडळात घातलं, आणि वर एक घड्याळ आणून दिलं. "बाबा, इसमें दिल की धड़कन भी दिखती है, और नक्शा भी है."

"नकाशा?" भैय्यालालनी हृदयाचा विषय तिथंच सोडला.

हे मंडळ काढलं होतं विनायकराव पागे यांनी. पागे बँकेतून रिटायर झालेले. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात, आणि रायपूर तेव्हापासून सपाट. पण विनायकरावांना डोंगराचं वेड. शहरात चढ म्हणावा असा मिळतो तो उड्डाणपुलाचा, तेव्हा सोमवार ते शुक्रवार मंडळाचे बारा-चौदा लोक पाठीवर पिशव्या अडकवून, काठ्या टेकत, उड्डाणपूल चढायचे आणि उतरायचे. माथ्यावर थांबून फोटो काढायचे. रविवारी मात्र खरा डोंगर.

भैय्यालालांचा पहिला खरा डोंगर म्हणजे खपराडोंगरी. शहरापासून गाडीनं दीड तास. जानेवारीची सकाळ, पळसाची पानं धुळीनं पांढरी झालेली. अर्ध्या तासात वाट फुटली, एक डावीकडं आणि एक उजवीकडं. विनायकराव थांबले आणि त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. मग सगळेच थांबले आणि सगळ्यांनी मनगटं डोळ्यांजवळ नेली. कोणी चष्मा कपाळावर चढवला, कोणी खाली ओढला. कोणी घड्याळावर हाताची सावली धरली, कोणी उन्हाकडं तोंड केलं, कोणी पाठ. सव्वा इंचाच्या त्या गोल पडद्यावर फिक्या हिरव्यावर फिक्या राखाडी रेघा होत्या, त्यावर आणखी फिक्या रेघा, आणि मधोमध एक बाण स्वतःभोवती फिरत होता.

"ही पायवाट आहे का?" विनायकरावांनी विचारलं.

"मले वाटते तो ओरखडा आहे, साहेब," भैय्यालाल म्हणाले. "तुमच्या काचेवरचा."

तेवढ्यात डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई आली. तेरा माणसं स्वतःच्या मनगटाकडं टक लावून उभी आहेत हे बघून ती थांबली. "का खोजत हव?"

"रास्ता," कोणीतरी म्हणालं.

"रद्दा तो ए दे हे," म्हणत तिनं पायाच्या अंगठ्यानं उजवीकडची वाट दाखवली.

विनायकरावांनी तिला हात जोडले. "धन्यवाद दीदी. लेकिन हम नक्शे में देख रहे हैं."

बाई निघून गेली. मंडळ आणखी पंचवीस मिनिटं नकाशात बघत राहिलं. मग उजवीकडं गेलं.

भैय्यालाल घरी आले, हात-पाय न धुता लोखंडी पेटीतून भिंग काढलं आणि घड्याळ मेजावर ठेवून त्यावर वाकले. कलावतीनं जेवायला तीनदा हाक मारली. चौथ्यांदा ती ताट घेऊनच आली तेव्हा ते म्हणाले, "नकाशा चुकीचा नाई. पन तो घड्याळासाठी काढलाच नाई कोनं. भिंतीवरचा नकाशा उचलला आन् याच्यात कोंबला. दहा-दहा मीटरवर समोच्च रेघ. एवढ्याश्या जागेत रेघाच रेघा. मानूस चालन कोठून?"

समोच्च रेघ म्हणजे काय, हे कलावतीला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. सारख्या उंचीच्या सगळ्या जागा जोडत जाणारी रेघ. त्या वर्षी भैय्यालालनी तिला दुसरं फारसं काही सांगितलं नव्हतं.

"मंग तुम्ही काढा," ती म्हणाली. "आधी जेवा."

ते जेवले, आणि काढू लागले. चेतनानं समजावलं की लोकांनी मिळून काढलेला एक फुकट नकाशा असतो, त्यातला डोंगर घ्यायचा आणि कॉम्प्युटरला नियम लिहून द्यायचे. कोणती रेघ किती जाड, कोणत्या रंगाची, कोणती दाखवायची, कोणती गाळायची. "आप बस नियम बताओ, मैं लिख दूँगी." पण भैय्यालालना कागदावर पाहिल्याशिवाय नियम सुचेना. त्यांनी बाटलीचं झाकण ठेवून कागदाचे गोल तुकडे कापले, जवळजवळ घड्याळाच्या पडद्याएवढे, आणि प्रत्येकावर शाईच्या पेनानं खपराडोंगरी काढली. एकावर जाड रेघा, एकावर बारीक. एकावर दहा मीटरची अंतरं, एकावर वीस, एकावर पन्नास. मार्च संपेपर्यंत घरात साडेतीनशे खपराडोंगऱ्या झाल्या. त्या पोह्याच्या डब्यात ठेवल्या होत्या आणि दोनदा पोह्यात गेल्या.

नकाशा वाचता येतो की नाही हे तपासायला माणूस हवा होता. भैय्यालालना स्वतःवर भरवसा नव्हता, कारण स्वतः काढलेलं त्यांना अंधारातही दिसलं असतं. म्हणून त्यांनी कलावतीला नेमलं. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा दोन्ही हातांत बादल्या, चष्मा घरात, आणि पाय घाईत, अशा अवस्थेत भैय्यालाल तिच्या मनगटावर रबर लावून एक गोल अडकवायचे आणि तिच्या बाजूनं चालत विचारायचे, "सांग, वाट कोठी जाते?"

"हे काय आहे? केस पडला याच्यावर?"

"समोच्च रेघ आहे ते."

"मले केस दिसून राहिला."

भैय्यालाल लिहून घ्यायचे: बारीक समोच्च रेघ, केस. दुसऱ्या दिवशी जाड तपकिरी. त्यात वाट हरवली. वाट काळी ठळक केली, तर गावाचं नाव तिच्यावर चढलं. नावं गाळली, फक्त तळ्याचं आणि माथ्याचं ठेवलं. जंगलाचा हिरवा रंग उन्हात राखाडी दिसायचा, म्हणून जंगलच पांढरं केलं. "जंगलात मानूस उभा आहे, तर त्याले जंगल आहे हे सांगाची गरज काय?" असं ते चेतनाला म्हणाले, आणि चेतनाला हे इतकं आवडलं की तिनं ऑफिसात दोघांना सांगितलं.

नाला निळा होता. कलावती म्हणाली, "ही नस आहे का? सुजली वाटते." नाला आणि वाट बराच वेळ एकमेकांच्या अंगावरून जात होते आणि दोन्ही दिसेनात. भैय्यालालनी दोन रात्री विचार केला आणि नाला काढून टाकला. दिवाळीपर्यंत तो आटतोच, असं त्यांनी ऐकलं होतं.

ऑक्टोबरात काम झालं. घड्याळात घालण्याआधी एकदा ओळखीच्या जागेवर तपासावं म्हणून त्यांनी आपल्याच पाऱ्याचा, म्हणजे मोहल्ल्याचा, नकाशा त्याच नियमांनी काढला, फक्त रेघांचं अंतर इथं दहा मीटरचं ठेवलं. गुढियारी सपाट, तिथं समोच्च रेघ येण्याचं काही कारण नव्हतं. पण एक आली. समुद्रापासून दोनशे नव्वद मीटरची. ती नाल्याच्या पुलाकडून यायची, गल्लीत शिरायची, दयाराम साहूच्या फाटकासमोरून वळून रामटेक्यांच्या स्वयंपाकघरात घुसायची, शेगडी आणि मोरीच्या मधून जायची आणि मागच्या भिंतीतून बाहेर पडायची. जाड, तपकिरी, सुंदर.

चेतनानं तो नकाशा कौतुकानं पाऱ्याच्या ग्रुपवर टाकला. "देखिए, बाबा का काम."

याआधी पाऱ्याचा नकाशा कोणी पाहिला नव्हता असं नाही. पण वाचता कोणालाच आला नव्हता. हा सगळ्यांना आला. सकाळी साडेसातला दयाराम साहू दारात उभा. दयारामचं पोह्याच्या मिलचं काम, अंगानं भक्कम, आणि भैय्यालालवर त्याची माया होती. हातात फोन, फोनवर दोन बोटांनी मोठं केलेलं स्वतःचं घर.

"रामटेके भैया, मोर घर खाल्हे काबर हे?"

आपलं घर रेघेच्या खाली का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"खाली म्हनजे किती, दयारामभाऊ? चार बोटं असन."

"और सरला का?"

सरला यादव समोर राहायची. भैय्यालालनी प्रामाणिकपणे बघितलं. "ते वर आहे."

"कितना ऊपर?"

"तेही चार बोटं."

दयारामनं बोटांनी फोनवरचं घर आणखी मोठं केलं. मग म्हणाला, "चार उँगली के लिए तुमने मेरे को नीचे डाल दिया."

"रेघ माझी नाई, भाऊ. जमिनीची आहे."

"बनाया तो तुमने है."

ते मात्र खरं होतं.

आठ दिवसांत पाऱ्याचे दोन पारे झाले. सरलाला वरची खोली भाड्यानं द्यायची होती, तिनं पाटी लावली: कमरा खाली है, २९० के ऊपर. क्रिकेट खेळणाऱ्या पोट्ट्यांनी जुनी टीम मोडून वरचे विरुद्ध खालचे अशी मॅच ठेवली, आणि पंच कुठला घ्यायचा यावर ती सुरूच झाली नाही. नाली तुंबली तर खालचे म्हणायचे, वरच्यांची घाण आमच्याकडं येते. वरचे म्हणायचे, येणारच, नकाशा बघा. नाली त्याआधी वीस वर्षं तुंबत होती आणि तेव्हा सगळे मिळून शिव्या द्यायचे.

भैय्यालालना वाईट वाटत होतं. पण खरं सांगायचं तर, आत कुठंतरी बरंही वाटत होतं. चौतीस वर्षं ज्या रेघा मारल्या त्या कपाटात गेल्या. ही पहिली रेघ, जिच्यावरून माणसं भांडत होती. ते संध्याकाळी गच्चीवर उभे राहून गल्लीकडं बघायचे आणि मग लाज वाटून खाली यायचे.

मग आणखी एक झालं. चेतना म्हणाली, रेघेला बारीक बारीक वळणं फार आहेत, घड्याळ अडखळतं, ती सरळ करावी लागतील. कॉम्प्युटरला सांगितलं की जी वळणं माणसाला चालताना जाणवणार नाहीत ती पुसून टाक. डोंगरावर ते छान झालं. पाऱ्यात मात्र रेघ अकरा मीटर सरकली. दयाराम वर गेला. रामटेक्यांचं स्वयंपाकघर शेगडीसकट खाली आलं.

नेमकं आदल्या दिवशी दयारामनं गावच्या झाडाची टोपलीभर बोरं पाठवली होती.

"बोरं खाऊन रेघ हलवली!" सरला गल्लीतूनच ओरडली. दयारामनं लाडू वाटले. ते खालच्यांनी घेतले नाहीत, कारण कालपर्यंत तो खालचा होता, आणि वरच्यांनीही घेतले नाहीत, कारण तो वर कसा आला हे सगळ्यांना माहीत होतं. घरात कलावती कमरेवर हात ठेवून उभी. ती विहारातल्या महिला मंडळाची सचिव आहे आणि सभेत उभी राहते तशीच उभी होती.

"माझं स्वयंपाकघर खाली काहून टाकलं?"

"मी नाई टाकलं, कॉम्प्युटरनं टाकलं."

"कॉम्प्युटरले मी जेवाले देऊन राहिली का तुमाले?"

"रेघ सोपी करा लागते, कलावती. सोपी केली का थोडी खोटी होते. सगळ्याच नकाशात होते. फक्त कोनाले दिसत नाई."

"मंग लोकायले सांगा हे."

"सांगितलं तर नकाशावर इस्वास कोन ठेवन?"

कलावतीनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाली, "उद्या सकाळी सगळ्यायले बलवा."

दुसऱ्या दिवशी नळ गेल्यावर गल्लीत पन्नास-साठ माणसं जमली. वरचे एका बाजूला, खालचे एका बाजूला. दयाराम कुठं उभं राहावं हे न कळून मधोमध. कलावती दोन भरलेल्या बादल्या घेऊन आली आणि नवऱ्याला म्हणाली, "दाखवा, कोठी आहे तुमची रेघ." भैय्यालालनी खडूनं रेघ मारली. पहिली एक, आणि सरकलेली दुसरी. दोन्ही सरळ, देखण्या.

"आता पाहा," कलावती म्हणाली, "पानी जिकडं जाईन ते खालचं. पान्याले काही बोरं दिली नाई कोनं."

तिनं दोन्ही बादल्या दोन रेघांच्या मधोमध ओतल्या.

पाणी पसरलं. सगळे वाकले. पाणी थोडं सरलाकडं गेलं, थांबलं. थोडं दयारामकडं गेलं, थांबलं. मग ते मधोमध गोळा झालं आणि तिथंच राहिलं, ताटाएवढं, अगदी शांत. एक मिनिट गेलं. दोन गेली. वरच्यांतला एक जण म्हणाला, जा ना. पाणी गेलं नाही. गल्लीतलं पांढरं कुत्रं आलं, दोन्ही बाजूंकडं बघितलं, आणि ते पाणी चपचप पिऊन टाकलं. उरलेलं जमिनीत जिरलं.

वाकलेले लोक सरळ उभे राहिले. मग दयाराम म्हणाला, "चलो भई, लड्डू पड़े हैं घर में." या वेळी सगळ्यांनी घेतले. सरलाची पाटी तशीच आहे, पण खोली एका नर्सनं घेतली आणि तिनं २९० म्हणजे काय हे विचारलंही नाही.

हे सगळं निस्तरल्यावर मंडळ डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा खपराडोंगरीला निघालं. प्रत्येकाच्या घड्याळात रामटेक्यांचा नकाशा. विनायकरावांनी गाडीतच छोटं भाषण केलं, की जानेवारीत आपण जिथं अर्धा तास उभे होतो तिथं आज एक क्षणही थांबणार नाही. आणि खरोखर कोणी थांबलं नाही. वाट फुटली तिथं चौदा माणसांनी चालता चालता मनगट वळवलं, काळी ठळक रेघ पाहिली आणि सगळे उजवीकडं वळले. भैय्यालाल सर्वांत मागं होते. पुढच्या तेरा जणांच्या पाठी त्यांनी दोनदा मोजल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काढलेल्या रेघेवरून माणसं चालत होती.

दहा मिनिटांनी रांग थांबली. समोर नाला होता. त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि नाला आटला नव्हता. बारा हात रुंद, गढूळ, हळूहळू वाहणारा.

विनायकरावांनी घड्याळ पाहिलं. मग नाला पाहिला. मग पुन्हा घड्याळ. "रामटेके, इथं नाला नाही."

"आहे, साहेब. समोर आहे."

"नकाशात नाही."

"नकाशात नाई, पन समोर आहे."

"तुमचा नकाशा आजपर्यंत कुठं चुकलाय?" विनायकराव मायेनं म्हणाले. "हे कुठलं तरी साचलेलं पाणी असेल. रेघ सरळ जाते." आणि ते सरळ गेले. पहिल्या पावलाला घोटा, तिसऱ्याला गुडघा, पाचव्याला कंबर. मागून बाकीचे एकामागून एक उतरले, रेघ सोडून इकडं-तिकडं न होता. सगळ्यांनी डावा हात डोक्याच्या वर धरला होता, घड्याळ भिजू नये म्हणून. पन्नास मीटर खोल पाण्यातही चालतं, असं घड्याळाच्या डब्यावर छापलेलं होतं.

त्याच वेळी दहा पावलं डावीकडून एक म्हातारा खांद्यावर सायकल घेऊन नाला ओलांडत होता. तिथं गावकऱ्यांनी दगड टाकलेले होते. तो दगडांवरून कोरडा पलीकडं गेला, सायकल खाली ठेवली आणि हात वर करून पाण्यातून चाललेल्या त्या मिरवणुकीकडं बघत उभा राहिला. हा काही नवस असावा असं वाटून त्यानं पागोटं काढलं.

भैय्यालालना दगड दिसले होते. पण आपल्या रेघेवरून तेरा माणसं पाण्यात उतरली असताना आपण दगडांवरून जावं, हे त्यांना बरं दिसेना. ते बूट न काढता आत गेले. पाणी फार गार होतं.

घरी कलावतीनं गरम पाणी दिलं, आल्याचा काढा दिला आणि काही विचारलं नाही. मग त्यांनीच सांगितलं. "नाला म्याच काढून टाकला होता."

"माहीत आहे. सुजलेली नस."

"जुना नकाशा कोनाले दिसे नाई, म्हनून लोकं समोर पाहत होते. आता दिसते, तर समोर पाहूनच नाई राहिले."

"लोकायची चूक आहे ते."

"नाई. इस्वास ठेवला त्यायनं. एवढा इस्वास मले कोनं दिला नव्हता." त्यांनी काढ्याचा पेला संपवून खाली ठेवला. "आता हा इस्वास थोडा कमी करा लागन. पन रेघ खराब न करता."

चेतनाला तीन रविवार घरी यावं लागलं. नाला परत आला, वाटेच्या बाजूला तुटक निळा, आणि त्याच्यासाठी माथ्याचं नाव गाळलं. माथ्यावर पोचलेल्या माणसाला ते विचारायचं नसतं. आणि जिथं जिथं वाट पाणी ओलांडते, कडा जवळ येतो, किंवा झाडी दाट होते, तिथं एक लाल ठिपका आला. ठिपक्याजवळ पोचलं की घड्याळ मनगटावर थरथरतं, नकाशा पुसला जातो आणि कोऱ्या पडद्यावर दोनच शब्द उरतात: मुंडी वर. दहा सेकंद काहीही केलं तरी नकाशा परत येत नाही.

चेतना म्हणाली, "बाबा, दुनिया में कोई ऐसा नक्शा नहीं बनाता जो खुद को बंद कर दे."

"चुकीचं करतात," भैय्यालाल म्हणाले.

चेतनानं हा नकाशा सगळ्यांना घेता येईल असा ठेवला आहे. सह्याद्रीत गड चढणाऱ्या एका मंडळाच्या ज्ञानदा नावाच्या मुलीनं त्यांना पत्र लिहून विचारलं, की काका, तुमचा नकाशा इतका मोकळा कसा? भैय्यालालनी उत्तर लिहिलं, आमच्याकडं डोंगर कमी आहे, म्हणून जागा उरते. तुमच्याकडचा पाठवा, काय गाळता येतं ते बघतो. तिनं चार गड पाठवले. त्यांचं काम सध्या सुरू आहे आणि पोह्याचा डबा आता वेगळा केला आहे.

फेब्रुवारीत मंडळ पुन्हा खपराडोंगरीला गेलं, आणि कलावतीही गेली. तिच्याकडं घड्याळ नव्हतं. नळाच्या वेळी ती चालते त्याच चालीनं ती सगळ्यांच्या पुढं निघून गेली. नाल्यापाशी एकदम चौदा घड्याळं थरथरली, आणि चौदा माणसं जागच्या जागी थांबून, मान वर करून, समोर, उजवीकडं, डावीकडं बघू लागली. पलीकडून लाकडांच्या मोळ्या घेतलेल्या चार बाया येत होत्या. इतकी माणसं एकदम काय बघतात म्हणून त्याही थांबल्या. त्यांनी मोळ्या खाली ठेवल्या, कमरेवर हात ठेवले आणि झाडांच्या शेंड्यांकडं बघू लागल्या. झाडांवर काही नव्हतं. दहा सेकंद झाली, पंधरा झाली.

"का दिखत हे?" शेवटी एकीनं विचारलं.

"अजून काही नाई," भैय्यालाल वर बघतच म्हणाले.

दगडांवरून कोरडी पलीकडं पोचलेली कलावती तिथून ओरडली, "अवो, चाला ना! भाकरी थंडी होऊन राहिली."